राणबाचा राग आणि केरबाचा दोर

उंच कड्याखालच्या एका गावात राणबा नावाचा मध काढणारा राहत होता. त्याला म्हणे राग कधी यायचाच नाही. लोक तो त्याला आणायचे! हे राणबाचं म्हणणं बरं का, माझं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, की राग बायकोनं आणला. अंगणात काटा रुतला, की शेजाऱ्यानं आणला. भर दुपारी कोंबडा आरवला, तर ज्याचा कोंबडा त्यानं. साऱ्या गावाला जणू दुसरा उद्योगच नव्हता.

पण माणूस कामाचा होता, हे कबूल केलंच पाहिजे. त्या कड्याला आग्या मोहोळं लागायची. आग्या माश्या म्हणजे खेळ नव्हे. चवताळल्या तर धडधाकट बैलाला लोळवतात. अशा मोहोळापर्यंत दोराला लटकून उतरायचं, धूर करून माश्या बाजूला सारायच्या आणि पोळ्यातला मधाचा तेवढा भाग कापून आणायचा. हे काम राणबाच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या केलं होतं. कड्याचा मान त्याच घराचा.

या कामाचे रिवाज मोठे कडक. वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानंच. दुसऱ्या कुणाचा हात सुटेल एखाद्या वेळी, पण भाऊ आपल्या बहिणीचं कुंकू हातातून सुटू देणार नाही, म्हणून. खाली लटकलेल्यानं ओरडायचं नाही, कारण आवाजानं माश्या उठतात. बोलायचं ते दोरानं. एक हिसका दिला म्हणजे सोड, दोन दिले म्हणजे ओढ. आणि उतरायच्या आधी गावातले सगळ्यांत वडील माणूस, आबा, कड्याच्या टोकाशी उभे राहून विचारायचे, "मनात कुणाबद्दल राग आहे का?" असला तर त्या दिवशी उतरायचं नाही. गुपचूप घरी जायचं. त्यात कमीपणा कुणी मानत नसे. रागावलेल्या माणसाचा वास माश्यांना लागतो, असं तिथले लोक समजत.

आता राणबाच्या मनात राग नाही असा दिवस कुठून उगवायचा? पण त्यानं त्यावर एक तोड काढली होती. निघण्याआधी तो घरातल्या एकेकाकडून माफी वदवून घ्यायचा.

"चुकलं म्हण," तो बायकोला सांगायचा.

"चुकलं," मंजुळा भाकरी थापता थापता म्हणायची. काय चुकलं, हे विचारणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

मग तिच्या भावाची पाळी. केरबा मोठा गरीब स्वभावाचा. तो तर विचारायच्या आधीच म्हणायचा, "चुकलं दाजी." अशा सगळ्यांच्या माफ्या गोळा झाल्या, की राणबाचं डोकं थंड व्हायचं आणि तो आबांना छातीठोकपणे सांगायचा, "राग नाही!" त्याचा राग विझवायचं काम दुसऱ्यांचं होतं आणि दुसरे ते बिनबोभाट करत होते. त्यामुळे इतकी वर्षं सगळं निभावलं.

एका वर्षी देवीचा उत्सव दुसऱ्या दिवसावर आला होता. पहिल्या मोहोळाचा मध देवीला जायचा, तो आणायला राणबा सकाळी निघाला. कड्याची वरची मोहोळं त्या वर्षी लागलीच नव्हती. एकच मोठं मोहोळ होतं आणि तेही पार खाली, पुढे आलेल्या खडकाच्या पोटात. इतक्या खोल तो कधी उतरला नव्हता. शिवाय गावाचा कायदा असा, की उतरणाऱ्याच्या चुकीनं माश्या उठल्या आणि देवीचा मध हुकला, तर कड्याचा मान तीन वर्षं दुसऱ्या घराला द्यायचा. राणबा घाबरला होता. पण घाबरलोय म्हणायची लाज वाटते ना माणसाला, म्हणून तो चिडला.

केरबा नेमका त्याच दिवशी उशिरा आला. त्याची म्हैस सुटून शेजारच्या रानात गेली होती.

"ही काय यायची वेळ?" राणबा कड्यावरच कडाडला. "माझा जीव तुझ्या हातात द्यायचा आणि तू म्हशीमागे हिंडतोयस!"

"चुकलं दाजी," केरबा म्हणाला.

पण म्हणताना तो हसला.

झालं! राणबाच्या डोक्यात तिडीक गेली. माफी मिळाली खरी, पण ही काय माफी झाली? हसत हसत? त्याला पुन्हा माफी मागायला लावावी, तर आबा समोर येऊन उभे राहिले. बाकी मंडळी लांब करंजाच्या झाडाखाली घोंगड्या घेऊन बसली होती.

"मनात कुणाबद्दल राग आहे का, राणबा?"

"नाही."

आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "नाकपुड्या फुगल्यात रे तुझ्या. आज राहू दे. देवी एक दिवस थांबेल, तिला कसली घाई?"

"मला राग येत नाही, आबा. मला आणतात! ज्यानं आणला त्याला विचारा."

"आणला कुणी का असेना, खाली कोण घेऊन चाललाय?" आबा म्हणाले.

आज परत फिरलो तर लोक म्हणतील राणबा भ्याला, एवढंच राणबाला दिसत होतं. त्यानं कमरेला दोर बांधला, धुरासाठी ओल्या गवताची चूड पेटवली, कोयता खोचला आणि तो कड्यावरून खाली सरकला. आबा मान हलवत करंजाकडे गेले. कड्याच्या टोकाशी एकटा केरबा उरला. त्यानं दोराचा एक वेढा खडकाला दिला होता, एक स्वतःच्या कमरेला, आणि दोन्ही हातांनी दोर धरून तो हळूहळू सोडत होता.

राणबा उतरत गेला. खाली नदी सुतळीएवढी दिसत होती. पायाखाली काही नाही, पाठीशी काही नाही. अशा वेळी माणसानं हातातल्या कामावर लक्ष ठेवावं की नाही? पण याच्या डोक्यात एकच घोळत होतं. हसला का? म्हणजे मनातून मला हसतो. म्हणजे इतकी वर्षं हसतच होता. बहीण-भाऊ दोघं मिळून हसत असतील! जसजसा तो खाली जात होता, तसतसं केरबाचं ते हसू मोठंच होत चाललं होतं. मोहोळापाशी पोचेपर्यंत राणबा घामानं निथळत होता आणि त्याचे कान तापले होते.

समोर खडकाला ते मोहोळ लागलेलं होतं, दाराच्या फळीएवढं, माश्यांनी काळंभोर. राणबानं चूड पुढे धरली. माश्यांचा थर धुरानं हलला, सरकला. आतलं पोळं पांढरं दिसायला लागलं. आणखी हातभर खाली जायला हवं होतं. त्यानं दोराला एक हिसका दिला. दोर लगेच सुटला नाही. वर गाठ अडकली होती, केरबा ती सोडवत होता. पण तेवढा धीर कुणाला? राणबानं तोंड वर केलं आणि तो गळा फाडून ओरडला,

"हसतोस काय रे माझ्यावर? दोर सोड!"

आवाज खडकावर आपटून परत आला आणि मोहोळ उठलं.

सगळं एकदम उठलं. उजेड गेला. गरगर घोंगावण्याशिवाय काही ऐकू येईना. राणबानं चूड छातीशी धरली आणि अंग चोरलं. पाच-सात माश्या मानेला डसल्या. पण धूर त्याच्याभोवती होता, म्हणून माश्यांचा लोट त्याला सोडून वर गेला.

थोड्याच वेळात दोर हलायला लागला. आधी एक हिसका. मग दुसरा. मग हिसक्यांवर हिसके. राणबा खडकावर आपटला, खांदा खरचटला, कोयता निसटून दरीत गेला.

मुद्दाम करतोय! त्याला वाटलं. शिवी अगदी जिभेवर आली. त्यानं तोंड उघडलं, आणि एक माशी त्याच्या खालच्या ओठावर येऊन बसली.

राणबा दगड झाला. माशी ओठावरून चालत होती. आता आवाज काढला तर उरलेल्याही उठतील, आणि तो इथं लटकल्या जागी मरेल. तोंडातली शिवी मात्र अजून तिथंच होती, बाहेर पडायला टपलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती नुसती तोंडात धरून बसावं लागलं. काय तिचा कडूपणा!

समज, आता वरून केरबानं हात जोडून माफी मागितली, त्याच्या मनात आलं. अगदी न हसता, डोळ्यांत पाणी आणून मागितली. या माशीला त्याचं काय? कुणी सुरुवात केली हे ती कुठं विचारणार आहे? तिच्यासमोर मी आहे, माझा घाम आहे आणि माझा राग आहे. केरबा हसला ते वर. ओरडलो तो मी. मला कुणी ओरडायला लावलं नव्हतं.

त्याला एवढी भीती वाटली, की डोळे मिटले गेले. त्यानं नाकानं हळूच श्वास घेतला, हळूच सोडला. पुन्हा घेतला. छातीतली धग लगेच कुठं जायला बसलीय? पण ती आपलीच आहे, तिला आपणच खाली ठेवायची आहे, हे कळलं तशी ती हळूहळू ओसरू लागली. माशी ओठावरून उडून गेली. राणबानं शिवी गिळली.

आणि मग, इतका वेळ स्वतःच्याच तणतणीत जे ऐकू आलं नव्हतं, ते त्याला ऐकू आलं. वर कुणीतरी कण्हत होतं.

त्यानं दोराला दोन हिसके दिले. दोर वर जाऊ लागला, थोडा थोडा, अडखळत. मध्येच तो थरथरायचा, थांबायचा, पण एकदाही खाली गेला नाही. राणबा वाटेत एकच म्हणत होता, "देवी, त्याला सांभाळ. देवी, त्याला सांभाळ." स्वतःसाठी काही मागायचं त्याला सुचलंच नाही.

वर येऊन बघतो तर केरबा ओळखू येईना. तोंड सुजून घागरीएवढं झालेलं, डोळे बंद, मानेवर, हातांवर, ओठांवर माश्यांच्या नांग्याच नांग्या. करंजाखालच्या मंडळींनी घोंगड्या पांघरल्या होत्या. केरबाच्या दोन्ही हातांत दोर होता. त्याला माश्या झटकायला हात कुठले? एकेक डंख बसला की अंग उडायचं आणि दोराला हिसका बसायचा. ते हिसके होते ते!

"आलात दाजी?" केरबानं चाचपडत विचारलं. "चुकलं माझं. दोर हलला. आणि सकाळी हसलो, तेही... मला भीती वाटली की हसू येतं हो. आज लई भीती वाटत होती."

इतकी वर्षं तो शब्द ऐकून राणबाला थंडावा मिळायचा. आज तोच शब्द त्याला सोसवला नाही.

माश्या पांगल्यावर लोक धावत आले. आबांनी विचारलं, "मोहोळ उठलं कशानं?"

वाऱ्यामुळे राणबाची आरोळी लांब बसलेल्या कुणालाच ऐकू गेली नव्हती. ऐकली होती ती फक्त केरबानं. आणि केरबा सुजल्या ओठांनी म्हणाला, "माझ्याकडून दोर हलला, आबा. दाजींचं काही नाही."

सगळं किती सोपं झालं होतं बघा! राणबानं नुसतं गप्प राहायचं होतं. कड्याचा मान घरातच राहिला असता, आणि नेहमीसारखी चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन पडली असती. राणबा गप्प राहिलाही. दोन-तीन श्वास राहिला, खोटं कशाला सांगू? आजोबांपासूनचा मान होता. उद्या दुसऱ्याच घरचा माणूस इथून उतरेल, पोरंबाळं विचारतील, लोक बोटं दाखवतील, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

मग तो म्हणाला, "आबा, तो खोटं बोलतोय. मी ओरडलो. मनात राग घेऊन उतरलो, तुमच्याशीही खोटं बोललो. दोर नंतर हलला."

"त्यानं राग आणला म्हणून ओरडलास ना?" आबांनी विचारलं.

"नाही आबा," राणबा म्हणाला. "राग माझाच होता."

आबांनी कायदा मोडला नाही. मान तीन वर्षं दुसऱ्या घराला गेला. त्या उत्सवात देवीला मधाऐवजी गूळ ठेवला.

राणबानं केरबाला पाठीवर घेऊन घरी आणलं. दारात मंजुळानं भावाचं तोंड पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कुणी केलं हे?"

"मी," राणबा म्हणाला.

त्यानं पुढे 'पण' जोडला नाही. मंजुळानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला कड्यावर लटकणं बरं वाटलं असतं. दोन दिवस केरबा तापानं फणफणत होता. राणबा एकेक नांगी उपटून काढत होता, ओल्या मातीचा लेप देत होता आणि त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते पुन्हा पुन्हा बघत होता. मंजुळानं त्या दोन दिवसांत नवऱ्याशी चकार शब्द काढला नाही. राणबाला ते झोंबत होतं. पण हिनं बोलावं म्हणून तो अडून बसला नाही, की आदळआपट केली नाही. झोंबणं आपलं आहे, आपणच सोसू, म्हणून तो गपचूप लेप कालवत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरबाचा ताप उतरला. त्यानं एक डोळा किलकिला केला आणि म्हणाला, "अक्का, भूक लागलीय."

राणबा उठून परसात गेला आणि ढसाढसा रडला. बऱ्याच वेळानं आत आला तेव्हा चुलीपुढे तीन पाट मांडलेले होते.

"हात धुऊन या," मंजुळा म्हणाली. "भाकरी गार होतेय."

तात्पर्य विचाराल तर ते एवढंच: दुसरा कसा वागला याचा जाब त्याला देवापुढे द्यावा लागेल, त्यावर आपण काय केलं, याचा मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.