दवंडीवाल्याची काकवी

ही गोष्ट खूप जुन्या काळातली. तेव्हा गावाला बातमी कळायची ती दवंडीवाल्याच्या तोंडून. नदीकाठच्या एका गावात असाच एक दवंडीवाला होता. आवाज असा खणखणीत, की त्याने पारावरून हाळी दिली तर पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करायची.

उतारवयात त्याचा आवाज बसला. वैद्याचे काढे झाले, हळद झाली, मध झाला. पण घशातून घोगऱ्या कुजबुजीपलीकडे काही निघेना. हलगी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. दवंडीवाला ओसरीवर बसून दिवस ढकलू लागला आणि बारीकसारीक गोष्टींवरून चिडू लागला.

एके दिवशी बायको म्हणाली, “जन्मभर तोंडाने काम केलंत. आता हातांना काहीतरी द्या.”

घरामागे ओढ्याच्या काठी शिंदीची तीन बुटकी झाडं होती. थंडीच्या दिवसांत खोडाला वर हलकी खाच देऊन मडकं बांधलं, की रात्रभर गोड रस पाझरतो. तो आटवला की दाट, तांबूस काकवी होते. दवंडीवाल्याने ठरवलं, आपण काकवी करायची. विकायला नव्हे, हौस म्हणून.

पण ज्याचं काम एका हाळीत संपायचं, त्याला हे कुठलं जमायला? पहिल्या खेपेला रस उन्हं वर येईपर्यंत तसाच ठेवला, तो आंबला. दुसऱ्या खेपेला जाळ मोठा केला, काकवी करपली. तिसऱ्या खेपेला कंटाळून कढई लवकर उतरवली, तर आठ दिवसांत बुरशी धरली. तरीही सकाळी गार मडकं हातात घेताना त्याला बरं वाटायचं.

ओढ्यापलीकडे त्याचा धाकटा भाऊ राहायचा. दोघं बारा वर्षं बोलले नव्हते.

त्याचं असं झालं होतं. धाकटा हा गावच्या धान्यकोठाराचा राखणदार. एका वर्षी कोठारातलं धान्य घटलं आणि पाटलाने त्याच्यावर आळ घेतला. दवंडी पिटायचं काम थोरल्याचं. त्याने पारावर उभं राहून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, सख्ख्या भावाला चोर म्हटलं. पुढच्या वर्षी कोठाराची जमीन खणली, तर खाली उंदरांची बिळं आणि बिळांत पोत्यांनी धान्य! पाटील हळूच म्हणाला, “झालं ते झालं. आता कशाला उगाळायचं?” दवंडीवाल्यालाही ते सोयीचं वाटलं. त्या गोष्टीची दवंडी कधी पिटलीच गेली नाही.

तर एका सकाळी चौथी कढई चुलीवर होती. अचानक फेस वर चढला आणि काठावरून उतू जाऊ लागला. दवंडीवाला एका हाताने झारा फिरवू लागला, दुसऱ्याने जळतं लाकूड ओढू लागला. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

धाकटा ओढ्यावर शेळ्यांना पाणी पाजत होता. त्याने ते पाहिलं आणि धावत येऊन चुलीतली लाकडं ओढली. “दादा, तूप! थेंबभर तूप!” तो ओरडला. थोरल्याने कोनाड्यातली वाटी पुढे केली. एक थेंब पडला आणि फेस खाली बसला.

“आता जाळ मंद ठेव,” धाकटा म्हणाला. “आणि उठू नकोस. दुपार होईल.”

तो जायला निघाला, पण थोरल्याला झारा आणि जाळ दोन्ही सांभाळता येईनात हे पाहून चुलीपाशी बसला. थोरला झारा फिरवू लागला, धाकटा जाळ सांभाळू लागला.

“हे कुठे शिकलास?” थोरल्याने विचारलं.

“चार गावं पलीकडे, गुऱ्हाळावर. तुझ्या दवंडीनंतर इथे मला कोण काम देणार होतं?”

थोरल्याची मान खाली गेली. “धान्य सापडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो,” तो पुटपुटला. “चुकलो मी. मला माफ कर.”

धाकट्याने कढईकडेच पाहत म्हटलं, “तू मला एकट्याला सांगून काय उपयोग? चोर म्हणालास तेव्हा सगळं गाव ऐकत होतं.”

काकवी झाली. कढईभर रसाची जेमतेम तांब्याभर. पण ती चाखायला धाकटा थांबला नाही.

बाजाराच्या दिवशी दवंडीवाल्याने हलगी मागून घेतली आणि तो पारावर चढला. हलगी वाजली, लोक थबकले. पण आवाज पुढे जाईना. मागचे म्हणाले, “काय म्हणतोय?” मग लोकच जवळ सरकले, अगदी पाराला टेकले. साऱ्या बाजारात शांतता पसरली.

“माझा भाऊ चोर नव्हता,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “धान्य उंदरांनी नेलं होतं. मला ते ठाऊक होतं, तरी अकरा वर्षं मी गप्प बसलो. दोष माझा.”

हेच त्याने तीनदा सांगितलं. पाटील गर्दीतून निघून जाऊ लागला, तर लोकांनी त्यालाही पारावर आणलं आणि त्याच्या तोंडून तेच वदवून घेतलं.

धाकटा त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सरपणाची मोळी घेऊन ओढा ओलांडून आला.

“दादा, आजचा रस अजून आटवायला ठेवला नाहीस? आंबेल की!” एवढंच तो म्हणाला आणि चूल पेटवायला बसला.

त्या थंडीत दोघा भावांनी इतकी काकवी केली, की गावातल्या प्रत्येक घरी वाटीभर पोचली. वाटायला धाकटा स्वतः गेला, आणि बारा वर्षांनी प्रत्येक घरात त्याला आधी बसायला पाट मिळाला.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवावं: चारचौघांत केलेल्या चुकीची माफी कोपऱ्यात मागून भागत नाही, तीही चारचौघांतच मागावी लागते.