पुढच्या पिलाची दोन मिनिटं

माणसाने रान पाहिलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एकदा कोल्हा आला म्हणून साळिंदराने घरोघर आपले काटे वाटले. कोल्हा पुन्हा फिरकला नाही, काटे मात्र राहिले. पुढे एका बोरावरून भांडण होऊन मुंगसाने घोरपडीवर काटा फेकला, तो टिटवीच्या पिलाला लागला. पिलू जागीच गेलं.

टिटवी माळाच्या पंचायतीत गेली. म्हणाली, "सगळ्यांचे काटे काढून घ्या."

पंच म्हणाले, "बाई, कायदा अख्ख्या रानाचा. आमच्या हातात काय?"

ती रानाच्या मोठ्या सभेत गेली. तिथं साळिंदरच अध्यक्ष. "ताई, माळाचं माळाने बघावं," तो म्हणाला. "काटा हा ज्याचा त्याचा हक्क. पिलाकडेही असता, तर वाचलं असतं."

"दोन दिवसांचं होतं ते. काटा चोचीत धरला असता की पंखात?"

साळिंदराने घसा खाकरला. "आपण दोन मिनिटं शांत उभे राहू." सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि वेळ होताच बसू लागले.

"बसू नका," टिटवी म्हणाली. "पुढच्या पिलाचीही दोन मिनिटं आत्ताच उरकून घ्या. परत उठायचा त्रास नको."

सभेला ते सोयीचं वाटलं. सगळे पुन्हा उभे राहिले.