खिंडीतल्या कलत्या काठ्या

खिंडीच्या माथ्यावर दगडांच्या राशी आहेत आणि त्या राशींत काठ्या खोचलेल्या आहेत. मोजायला गेलात तर दिवस पुरणार नाही. एकही काठी सरळ उभी नाही. कुठली दक्षिणेकडे कललेली, कुठली नदीच्या उगमाकडे. जुन्या काठ्या पार पांढऱ्या पडल्यात. पाहुण्यांना वाटते, थडगी असावीत. थडगी नाहीत. अथाबास्कन बोली बोलणारे लोक, जे स्वतःला नुसते डेने म्हणजे माणसे म्हणवतात, त्यांची ही वाट सांगायची रीत आहे. ती कशी पडली ते इथली म्हातारी माणसे सांगतात, ते असे.

फार पूर्वी सगळ्या डेने लोकांची भाषा एकच होती म्हणे. तेव्हा पश्चिमेचा डोंगर फुटला आणि तीन दिवस आभाळातून राख पडली. ओढ्यांतले मासे उलटे होऊन तरंगू लागले. कॅरिबू नावाच्या मोठ्या शिंगांच्या हरणांवर सगळ्यांचे पोट चाले, ते कळपही निघून गेले. उरले त्यात एवढ्या माणसांचे भागेना, म्हणून टोळ्या वेगळ्या झाल्या. नेल्ता नावाची एक बाई मामाच्या टोळीबरोबर निघाली. तिची म्हातारी आई नेल्ताच्या भावाच्या टोळीत गेली, कारण तिला पाठीवर घेऊन चालेल असा धडधाकट गडी तोच होता.

पुन्हा कुठे भेटायचे, ते कुणी ठरवले नाही. त्या लोकांत एक नेम होता. कुठे निघालो, काय मारणार, हे तोंडाने बोलायचे नाही. बोलले की जनावर ऐकते, आणि आधीच बढाई मारणाऱ्याच्या वाटेला ते फिरकत नाही. नेल्ताने आईचा हात धरून एवढेच विचारले, "कुठे?"

आईने तिच्या तोंडावर तळवा ठेवला. "गप. ऐकतील ते."

एवढ्यावर ताटातूट झाली.

पुढच्या उन्हाळ्यापासून नेल्ता आईला शोधू लागली. एकेका खोऱ्यात ती पोचायची आणि चूल गार झालेली असायची. कधी माणसे भेटत.

"होते इथे," कातडे खरवडता खरवडता एक जण म्हणाला. "म्हातारी होती पाठीवर. बडबडी होती."

"मग गेले कुठे?"

तो नदीकडे बघत खरवडत राहिला. त्याच्या हातातला दगड हिसकावून पाण्यात भिरकावून द्यावा, असे नेल्ताला झाले. आणखी एका मुक्कामी कळले की भाऊही तिलाच शोधत हिंडतो आहे, महिन्यापूर्वी इथेच होता. ते ऐकून ती खालीच बसली. दोघेही चालत होते, आणि दोघेही चालत होते म्हणूनच भेट होत नव्हती.

त्या दिवशी तिने काठी तोडली. "तोंडाने सांगायचे नाही ना," ती मामाला म्हणाली, "मग हाताने सांगते." जिथे वाट फुटे तिथे ती एक काठी खोचू लागली, आपण जाणार त्या बाजूला कललेली. मामा नेहमी सगळ्यांच्या मागून चाले, कुणी मागे राहू नये म्हणून.

वर्षे गेली. मागून कुणी आले नाही. वाटेत कुणाचे पाय थकले, कुणी बाळंत झाली. ती माणसे त्या त्या खोऱ्यात राहिली आणि त्यांची बोली त्यांच्याबरोबर वेगळी होत गेली. बर्फापासून पार दक्षिणेच्या तांबड्या वाळवंटापर्यंत या बोली अशाच सांडत गेल्या, असे सांगतात.

अकराव्या वर्षी टोळी ही खिंड ओलांडून पलीकडे उतरली. नेल्ताची हाडाची सुई माथ्यावर राहिली होती, म्हणून ती परत वर आली. मामा गुडघे टेकून बसला होता. तिने नुकतीच खोचलेली काठी त्याच्या हातात होती आणि जमिनीतले भोक तो शेवाळाने बुजवत होता.

"सगळ्या?" तिने विचारले.

"सगळ्या." मामाने वर पाहिले नाही. "पोरी, जनावराला काय नुसते कानच असतात? डोळे नसतात? तू वाट मांडून ठेवायची आणि इकडे लेकरे उपाशी मरायची."

"काठ्या उपटल्यास म्हणून जेवली का ती? गेल्या हिवाळ्यात जोड्यांचे चामडे उकळून खाल्ले आपण."

मामा शेवाळ दाबत राहिला.

"माझी आई फाट्याफाट्यावर थांबली असेल रे. जमीन बघत बसली असेल."

"ती माझी बहीण आहे, नेल्ता," मामा म्हणाला. "मला काय जड झाली होती?"

नेल्ताला ओरडायचे होते, पण ओरडणार कुणावर? याच माणसाने अकरा वर्षे आपला घास पोरांना दिला होता. तिने काठी ओढून घेतली आणि पुन्हा खोचली. भोक सैल झालेले, भोवतीची जमीन गोठलेली; काठी पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिने दगडांना लाथ मारली आणि तिथेच रडत बसली. तेव्हा मामाने ते दगड एकेक गोळा केले आणि काठीच्या बुंध्याशी रचले. बोटे फुटली तरी रचत राहिला. काठी कलती, पण पक्की उभी राहिली.

टोळी पुढे गेली. ती दोघे खिंडीखालीच राहिली. भाऊ आला, असे पलीकडच्या खोऱ्यातले लोक सांगतात. इकडे मात्र कुणी तसे सांगत नाही. इकडे एवढेच सांगतात, की दर वसंतात नेल्ता काठी बघायला वर जाई, तेव्हा मामा तिच्या आधी जाऊन दगड चाचपून आलेला असे.

आजही या वाटेने जाणारा आपण कुठे निघालो ते बोलत नाही. तो काठी खोचतो आणि पुढे होतो. ती पक्की करायची ती ओळीत सगळ्यात मागून येणाऱ्याने, आणि तो बहुधा म्हातारा असतो. तो वाकून दगड रचतो, काठी हलवून बघतो. बाकीचे थोड्या अंतरावर थांबतात आणि मागे वळून त्याच्या हातांकडे पाहत राहतात. तो उठेपर्यंत कुणी पाऊल उचलत नाही.