डागाचा दगड

आज जशी हवा आहे ना, तशीच त्या दिवशी होती म्हणे. वारं पडलेलं, आभाळ खाली उतरलेलं, पण थेंब नाही. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. तुम्ही लांबून आलात, पाणी प्या, हिवराच्या सावलीला बसा. हा समोरचा काळा दगड बघा. मधे खोलगट आहे, तळहात मावेल एवढा. तो खळगा कुणी टाकी लावून केलेला नाही. एका सुरीची मूठ तिथं टेकवून, राखेनं घासून घासून तो झालाय. मला अक्षर येत नाही. वडिलांनी सांगितलं तसं सांगतो.

या माळावर तेव्हा दोन घरं मोठी. एक आमच्या म्हाकूचं, दुसरं सतबाचं. सतबाच्या हातात कसब होतं. सुरीला, कातरीला हाडाची मूठ बसवावी ती त्यानंच. स्वतःच्या सुरीवर त्यानं तीन टिंबं कोरली होती.

एका वर्षी होळीच्या सुमारालाच तळ्यात गुडघाभर पाणी उरलं. आधी कुणाची मेंढरं पाजायची, यावरून बोलणं झालं असावं. बघायला कुणी नव्हतं. म्हाकूचा धाकटा भाऊ येसू काठाला पडलेला सापडला, बरगडीत वार. सुरी काही मिळाली नाही. सतबा मयताला आला, त्यानं खांदा दिला, तेराव्याला पंगतीत जेवला, असं सांगतात. म्हाकूला पुढं तेच जास्त लागलं.

वैशाखात तळं आटलं. चिखलाला भेगा पडल्या आणि एका भेगेत सुरी दिसली. मूठ शेणाच्या रंगाची झालेली. पण तीन टिंबं शाबूत होती.

पंच बसले. शपथेचा भंडारा उचल म्हटल्यावर सतबाचा हात पुढं आला नाही. तीच कबुली झाली. म्हाकू म्हणाला, "याच सुरीनं. पण येसूचं रक्त लागलेली सुरी मी याच्या अंगात घालणार नाही. आपण मेंढरू कापतो तरी सुरी स्वच्छ करून, मूठ घट्ट करून घेतो. डाग निघाला की त्याच दिवशी चालवीन." पंचांनी त्यावर भंडारा उधळला. शब्द कायम झाला.

आता म्हाकू पडला मेंढपाळ. त्याला धुणं माहीत ते लोकरीचं. त्यानं सुरी लोकरीसारखी रिठ्याच्या कढत पाण्यात घातली आणि दिवसभर ठेवली. हाड फुगलं, तडकलं, पितळेचे खिळे सुटले. मूठ डगडगायला लागली, आणि डाग होता तो आणखी आत गेला. हे नीट करणारा माळावर एकच माणूस होता.

म्हाकूनं सुरी नेऊन सतबापुढं टाकली. "कर नीट."

सतबानं ती उचलून पाहिली. मरणाची भीती राहिली बाजूला, आधी तो चिडलाच म्हणे. "हाडाला कढत पाणी घालतात होय रे? कुणी शिकवलं तुला?"

"तू कर."

"वेळ लागंल."

"बसतो मी."

आणि खरंच बसला, इथंच, या झाडाखाली. सतबा ओल्या फडक्यावर राख घेऊन मूठ पुसायचा, लगेच कोरडी करायचा. सावलीतच वाळवायचा, ऊन दाखवायचा नाही. भेगांत लाख आणि हाडाची पूड भरली. खिळे नवे ठोकले. मग जवसाचं तेल, एकेक थेंब, अंगठ्यानं जिरवत राहिला. आपल्याच मरणाचं काम, पण वाईट करणं त्याच्या हाताला जमेना. दीड महिन्यानं मूठ दातासारखी पांढरी झाली.

त्या सकाळी हवा अशीच होती, आजच्यासारखी. सतबा आंघोळ करून आला. लेकराबाळांचा निरोप घेतलेला. सुरी म्हाकूच्या हातात दिली आणि म्हणाला, "घे. माझं काम झालं." चेहरा अगदी मोकळा. म्हाकूनं सुरी उजेडाकडं फिरवली, मग त्या चेहऱ्याकडं बघितलं. तो मोकळेपणा त्याला सोसला नाही.

"डाग आहे अजून," तो म्हणाला, आणि सुरी परत केली.

सतबा आधी सुखावला. जगलो, असं वाटलं असेल. पण चार दिवसांनी तेच. महिन्यानं तेच. "कुठाय? बोट ठेव!" असं तो ओरडायचा. म्हाकूनं बोट कधी ठेवलं नाही. एका वर्षी सतबानं पाय धरले, "चालव बाबा, सोडव मला." म्हाकूनं मूठ उजेडाला धरली. "डाग आहे."

बावीस वर्षं. सतबा गेला तेव्हा त्याचा अंगठा मुठीवरच होता, असं सांगतात. म्हाकू खांदा द्यायला गेला नाही. तेरावं झाल्यावर गेला, आणि सुरी सतबाच्या थोरल्या मुलाच्या मांडीवर ठेवली. "आता तू."

आजही वैशाखातल्या अवसेला सतबाच्या घरचा थोरला या दगडावर मूठ घासतो, आणि आमच्या घरचा थोरला समोर बसून सुरी हातात घेतो, मूठ उजेडाला धरतो आणि म्हणतो, "डाग आहे." बारा वर्षं झाली, ते म्हणणं माझ्याकडं आहे. निघाला म्हटलं तर शब्दाप्रमाणे सुरी चालवायची. म्हणून कुणी म्हणत नाही, असं लोकांना वाटतं.

तिकडनं मूठ घासतो तो धुळाजी. माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून. माझ्या नातीच्या लग्नात चुलीपुढं राबलेला माणूस. घासून घासून त्याचा अंगठा वाकडा झालाय. गेल्या अवसेला मला ते बघवेना. मी हळूच म्हणालो, "धुळाजी, डाग नाही रे. कधीचाच नाही. म्हाकूचा शब्द मी मोडतो, पाप माझ्या माथी. टाकू सुरी तळ्यात आणि जाऊ घरी."

त्यानं माझ्या हातातली सुरी काढून घेतली. राखेची चिमूट उचलली आणि मान खाली घालूनच म्हणाला,

"तुम्हांला दिसत नसंल, अण्णा. मला दिसतो."