गारजाईच्या बारवेचं काळं फडकं

गारजाईच्या बारवेला बत्तीस पायऱ्या आहेत आणि त्या उतरून कुणी खाली जात नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी कमरेएवढी दगडी भिंत आहे, भिंतीला टेकून एक ओटा आहे, आणि पाणी शेंदायला वर काठावर रहाट आहे. लांबून मुद्दाम बारव बघायला आलेली माणसं इथं हमखास हिरमुसतात. इतके सुरेख कोनाडे, इतक्या रेखीव पायऱ्या, आणि उतरायची सोय नाही म्हणजे काय! परवा आलेल्या पाहुण्यांतल्या एका बाईंनी तर भिंतीवर पाय टाकलाच होता. ओट्यावर बसलेले केरबा आबा नुसते खाकरले. पाय आपोआप मागे आला.

केरबा आबा ऐंशीच्या पुढचे, जातीचे साळी, पण माग कधीच मोडीत निघालेला. त्यांना ही भिंत कशासाठी असं विचारलं की ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघतात, मग शेजारी बसायला जागा करून देतात. त्यांच्या तोंडून सगळ्यांना ऐकायला मिळते ती गोष्ट अशी.

फार मागे, म्हणजे किती मागे ते कुणालाच सांगता येत नाही, या गावात पिण्याचं पाणी एवढं एकच होतं. अख्खं गाव पायऱ्या उतरून खाली जाई, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राही आणि घागरी बुडवून भरून आणी. पाणी गोड आणि गार. त्या गारव्यावरूनच कोनाड्यातल्या देवीला गारजाई म्हणू लागले, असं सांगतात. गावाला सगळं होतं, फक्त एक दुखणं पिच्छा सोडत नव्हतं. ते म्हणजे नारू.

आता नारू कुणाला माहीत नाही, आणि नाही तेच बरं. उन्हाळा सरत आला की माणसाच्या पायाला फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, आणि फोड फुटला की त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकवायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा. ओढताना तुटला तर पाय सुजून कायमचा कामातून जायचा. आणि दुखणं असं वेळ साधून यायचं की ऐन पेरणीच्या तोंडावर अर्धं गाव अंथरुणावर. बैल दावणीला, तिफणी कोपऱ्यात. साळ्यांची तर दुहेरी अडचण. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबल्याशिवाय धोटा हलत नाही, आणि दाबायला पाय कुणाचा धड होता?

यावर गावाचा एक इलाज होता. नारू झालेल्यानं गारजाईला नवस बोलायचा आणि पाच दिवस शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचं. पाय पाण्यात गेला की आग तत्काळ थांबायची. ज्याला त्याला स्वतःचाच अनुभव होता, मग शंका कोण घेणार? दरवर्षी नारू येई, दरवर्षी गाव पाण्यात पाय सोडून बसे, आणि देवीनं गारवा दिला म्हणून नारळ फोडून, तेच पाणी पिऊन घरी जाई.

अशा गावात ठकू नावाची साळ्याची सून नांदायला आली. तिचं माहेर वर डोंगरपट्टीला. तिथली विहीर खोल, दोर सोडून शेंदायची. नारू तिनं माहेरी पाहिलाच नव्हता. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिनं सासूच्या पायातून तो काडीवर गुंडाळला. सासूचं नाव राधाई. बाई तोंडानं फटकळ, पण सुनेला जेवल्याशिवाय मागावर बसू द्यायची नाही. सासूला धरून ठकू बारवेत उतरली, तिचा पाय पाण्यात ठेवला, आणि तिला दिसलं की फोडातून दुधासारखं काहीतरी बाहेर पडतंय आणि पाण्यात विरघळून जातंय. शेजारीच एक बाई घागर बुडवत होती. ठकूनं त्या घागरीकडे बघितलं, पण नवी सून काय बोलणार?

पुढे तिला मंजुळा झाली. लेक चार वर्षांची झाली आणि इतर पोरींबरोबर टुणटुण पायऱ्या उतरून ओंजळीनं पाणी पिऊ लागली, तेव्हापासून ठकूच्या जिवाला घोर लागला. लेकीचे दोन्ही पाय कसे केळीच्या कोंभासारखे. त्या पायांना तो दोरा लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

साळ्याच्या घरी सुताला खळ लावतात, आणि खळ आधी कपड्यानं गाळून घेतात, नाहीतर सुतात गुठळ्या बसतात. त्या दिवशी गाळायला हाताशी पांढरं कापड नव्हतं. ठकूनं चंद्रकळेचा एक काळा तुकडा घेतला आणि खळीसाठीचं बारवेचं पाणी आधी त्यातून गाळलं. तुकडा झटकायला उन्हात आली तर काळ्यावर पांढरे कण दिसले. राजगिऱ्याहून बारीक. आणि ते उड्या मारत होते!

ती तशीच सासूकडे धावली. "आत्याबाई, हे बघा. काय दिसतंय?"

राधाईनं फडकं डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं. "काय न्हाई. आन् चांगली चंद्रकळा फाडलीस व्हय गं?"

ठकूला मात्र त्या कणांवरून पाण्यात विरघळणारं ते दूध आठवलं. पायातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात. देवी बिचारी कोनाड्यात, आणि हा फेरा गावच चालवतंय. त्या दिवसापासून तिनं घरचं पाणी काळ्या फडक्याची दुहेरी घडी करून गाळायला घेतलं. रांजणावर झाकण आलं, पाणी काढायला लांब दांड्याचा डाव आला, आणि रांजणात हात घालील त्याला, मग तो नवरा का असेना, बोलणी बसू लागली. पण मंजुळा बारवेत जाऊन ओंजळीनं प्यायची ती प्यायचीच. लेकरावर चोवीस तास पहारा कोण ठेवणार? घर सांभाळून भागणार नव्हतं. बारवेतच पाय घालणं थांबायला हवं होतं.

तिनं नवऱ्याकरवी चावडीवर गोष्ट घातली. पाटील हसले म्हणे. "आमच्या आजापणजाचा पाय जिनं गार केला, तिला आता काल आलेली सून अक्कल शिकवनार?" पाणवठ्यावर बायकांनी तिचं नाव 'फडकेवाली' पाडलं.

त्याच उन्हाळ्यात ठकूच्या उजव्या पायाला फोड आला. गाळायला लागण्याआधी प्यालेलं पाणी कुठं जाणार? गाव म्हणालं, आता येईल बरोबर, फडक्यानं आग विझते का बघू. ठकू खरंच बारवेवर आली. पण खाली उतरली नाही. वरच्या पायरीवर, जिथं वाट जेमतेम एका माणसापुरती आहे, तिथं ती बसली आणि फोड आलेला पाय तिनं वाटेत आडवा पसरला. गारजाईकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "आई, मी बरी हुईन तर हितंच. माझा पाय तुझ्या पान्याला लागनार न्हाई. ज्याला उतरायचं त्यानं मला वलांडून जावं."

बसलेल्या माणसाला ओलांडायचं नाही हे तर लेकराला कळतं, त्यातून सवाष्ण, त्यातून दुखणाईत आणि देवीला शब्द दिलेली. माणसं यायची, तिच्या पायाशी थबकायची आणि चडफडायची. पाण्यावाचून कुणाचं अडू नये म्हणून तिच्या नवऱ्यानं काठावर एक तुळई आडवी टाकली, सुताचा दोर वळला आणि दिवसभर तो गावाच्या घागरी भरून देत राहिला. त्याचे हात सोलून निघाले. ठकूच्या पायावर पाणी घालायचं ते तांब्यानं, बारवेपासून लांब कलणाऱ्या बाजूला, आणि ते जिरवायला राखेचा खड्डा. तांब्याचा गारवा तो केवढासा! बत्तीस पायऱ्यांखाली पाणी चमकत होतं आणि पायात निखारा. केरबा आबा इथं आले की म्हणतात, तिला खाली जावंसं वाटलंच नसेल असं समजू नका, फार वाटलं असेल.

चौथ्या दिवशी राधाई आली. तिच्या दुसऱ्या पायाला फोड आला होता आणि ती आगीनं रडत होती.

"ठके, पाय काढ. मला जाऊ दे खाली."

"आत्याबाई, बसा हितं, मी पानी घालते."

"तांब्यानं काय हुतंय? सरक, न्हाईतर वलांडते बघ तुला!"

राधाईनं पाय उचलला. ठकूनं आपला पाय काढला नाही, पण तिला रडू आवरेना. "वलांडा आत्याबाई. मी काय तुमाला अडवनार? पन तुमच्या मागनं सांजच्याला तुमची मंजीबी उतरनार, आन् तेच पानी वंजळीनं पिनार."

म्हातारी तशीच उभी राहिली, एक पाय अधांतरी. मग तिनं तो हळूच मागे घेतला, कण्हत सुनेशेजारी बसली आणि आपला पाय तिच्या पायाला लावून आडवा पसरला. "घाल पानी," म्हणाली, "आन् जरा जास्तीचं घाल. चिक्कूपना करू नगंस."

सुनेला जे जमलं नसतं ते त्या म्हातारीच्या पायानं झालं. राधाई फटकळ, तिला नाही म्हणायची कुणाची टाप होती? पुढे ज्याला ज्याला फोड आला तो तो मुकाट्यानं त्यांच्या ओळीत येऊन बसला. पंधरवड्यात तिथं अकरा पाय आडवे झाले. अकरावा पाटलांचा होता म्हणे.

ठकूचा नारू मात्र काढताना तुटला. पाय सुजला, पिकला, आणि बरा झाला तो गुडघ्यात वाकडाच राहिला. ती पुन्हा कधी मागावर बसली नाही. तिच्या हातचं कापड गावात सगळ्यांत घट्ट विणीचं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात नारू आला, पण पाच-सहा जणांनाच. तेही आपण होऊन वर येऊन बसले. तिसऱ्या उन्हाळ्यात गाव रोज सकाळी एकमेकांच्या पायांकडे बघत होतं. ज्येष्ठ संपला. मृगाचा पाऊस झाला, तिफणी एकदम बाहेर पडल्या, आणि साळ्यांच्या आळीत एकूण एक माग वाजू लागला. राधाईला तोवर जवळजवळ दिसेनासं झालं होतं. तिनं मंजुळाला पुढ्यात ओढलं आणि दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटांनी चाचपले. एकदा चाचपून समाधान होईना, पुन्हा चाचपले.

"काय न्हाई," ती म्हणाली. "ठके, काय न्हाई गं." आणि सुनेच्या गळ्यात पडून रडली.

भिंतीचा पहिला दगड पाटलांनी ठेवला. ठकू जिथं बसली होती तिथं ओटा बांधला.

आजही गावात नवी नवरी आली की माप ओलांडायच्या आधी तिला या ओट्यावर बसवतात. तिचे पाय इथं धुतात आणि ते पाणी लांबच्या कडुनिंबाला जातं. माहेराहून तिच्याबरोबर काळ्या कापडाचा एक चौकोन यावा लागतो. लग्नात काळं कुठं चालतं, म्हणून बाहेरगावचे सोयरे नाक मुरडतात, मग गोष्ट ऐकून स्वतःच कापड आणून देतात. नवरी दोर सोडून पाणी शेंदते आणि दुहेरी घडीतून गाळते. मग सासू घडी उलगडून आतली बाजू उन्हात धरते आणि विचारते, "काय दिसतंय?" नवरी म्हणते, "काही नाही." की लगेच ताशा वाजतो. आता घरोघरी नळ आलेत, टाकीत औषध पडतं, तरी हे चुकत नाही.

गोष्ट संपली तेव्हा परवाच्या त्या बाईंनी, भिंतीवर पाय टाकणाऱ्या, जरा ओशाळूनच पाणी मागितलं. आबांनी पोहरा सोडला, पाणी गाळलं, घडी उलगडून त्यांच्यापुढे उन्हात धरली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाई वाकल्या. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी बराच वेळ ते काळं फडकं निरखलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"मग प्या," केरबा आबा म्हणाले, आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.