भिंतीवरचं बंड

राजाचा हुकूम दवंडी पिटून रयतेला कळवत, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात अशी रीत होती की, दरबारात नवं चित्र उघडलं की आधी दवंडीवाल्याने त्याला नाव द्यायचं. मग साऱ्या गावाने ते चित्र त्याच नावाने ओळखायचं.

एकदा एका चितारणीने दरबाराची भिंत रंगवली. पडदा सरला. ना देव, ना हत्ती, ना राजाची स्वारी. नुसते करडे फराटे आणि मधोमध एक तांबडा डाग.

"हे काय, पोतेरं फिरवलंय?" कोणीतरी खिदळलं. राजा हसला नाही, तसं ते हसू जागच्या जागी विरलं.

"बोल, काय आहे हे?" राजाने दवंडीवाल्याला विचारलं.

दवंडीवाल्याला काहीएक कळलं नव्हतं. चितारीण दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला विचारता आलं असतं. पण 'कळलं नाही' म्हणावं तर चाकरी जाणार, कदाचित मुंडकंही. राजाच्या कपाळावरची आठी बघून तो बोलून गेला, "महाराज, बंड!"

"बंड कसलं, बाबा?" चितारीण कळवळली. "डोंगरावर ढग उतरले तेव्हा छातीत जे धडधडलं, तेवढंच काढलंय मी."

तिचं कोण ऐकतं? तिला तळघरात टाकलं.

दवंडी फिरली. काल हसणारेच आज भिंतीपुढे थरथरू लागले. "तो बघ भाला!" "अगं बाई, हे तर रक्त!" दरबारी पंडितांनी तर हल्ल्याचा दिवसही सांगून टाकला. चितारणीला जाऊन विचारावं, असं त्यांतल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही. मग तांबडं नेसणाऱ्या बायकांवर संशय, रंगाऱ्यांवर संशय. रोज कोणीतरी तळघरात जाई. दवंडीवाला दाराला कडी घालून बसे, पण खरं काही सांगेना.

महिन्याभराने शिपाई त्याच्याच दारात आले आणि त्याला दरबारात घेऊन गेले. राजा भिंतीसमोर डोळे तारवटून बसला होता.

"एक सांग," राजा हळूच म्हणाला, "कोणालाच काही दिसत नव्हतं, तेव्हा बंड तुला एकट्यालाच कसं रे दिसलं?"

"महाराज, मला काहीच दिसलं नव्हतं! घाबरून बोललो मी!"

"धरल्यावर सगळे असंच म्हणतात."

तळघराचं दार त्याच्यामागे बंद झालं, ते पुन्हा उघडलं नाही.

तात्पर्य: कळलं नसेल तर तसं सरळ सांगावं, भीतीने लावलेला अर्थ आधी निरपराधाला गिळतो आणि मग लावणाऱ्याला.