कावळ्याची बोलती

फार जुनी गोष्ट, अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या रानातली. तिथला जुलमी लांडगा पळून गेल्यावर प्राण्यांनी सभा भरवून ठरवलं, की मुखिया आपणच निवडायचा आणि बोलण्याचा हक्क मात्र त्यालाही कुणाकडून काढून घेता येणार नाही.

त्या सभेला हजर असलेल्यांपैकी आता एकटी म्हातारी कासवीण उरली होती. लांडग्याच्या धाकाने गप्प राहिलेले सगळे त्या दिवशी एकदमच बोलत सुटले होते. तो गलका आठवला की तिला अजून भरून येई.

यंदा अस्वल मुखिया झालं. कावळा रोज त्याच्या चुका काढायचा. शेवटी अस्वलाने भर सभेत हुकूम सोडला, "कावळ्याने उद्यापासून तोंड उघडायचं नाही."

सगळ्यांना बरंच वाटलं. कासवीण तेवढी पुढे आली.

"मलाही त्याची कावकाव नकोशी होते, बाबा. पण तो हक्क आम्ही फक्त गोड गळ्यांसाठी ठेवला नव्हता."

"मला तुम्हीच निवडलंत ना, आजी?"

"निवडलं. म्हणूनच तो नियम तुलाही लागू आहे."

अस्वलाने हुकूम मागे घेतला.

कावळ्याने आभारसुद्धा मानले नाहीत. तो लगेच अस्वलाच्या कारभारावर बोलू लागला. त्याचं संपल्यावर, कधीच न बोलणारा ससा घाबरत घाबरत उठला आणि आपलं गाऱ्हाणं सांगू लागला. कासवीण मान उंचावून ऐकत राहिली.